कुत्र्याला विचारायचा शब्द

गंगाधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या मोंढ्यात तूरडाळ बघत होतो. मूठभर डाळ तळहातावर पसरून खडे शोधायची माझी सवय आहे, आणि दुकानदार त्यावरून मला नेहमी छळतो. फोन उदगीरहून होता, वहिनींचा. "भाऊजी, तुमचे मित्र गेले," एवढंच त्या म्हणाल्या... मी काहीतरी उत्तर दिलं असेल, काय ते आठवत नाही. हातातली डाळ पोत्यात परत टाकली. मग जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला हलकं वाटलं. जन्माचा दोस्त गेला आणि त्या दुकानाच्या पायरीवर माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर ती गोष्ट ठाऊक असलेलं आता दुसरं कुणी उरलं नाही. मिनिटभरच टिकलं ते. नंतर दुकानदारानं पुढं होऊन स्टूल दिलं.

ती गोष्ट म्हणजे एक साधं वाक्य आहे. ते मी गंगाधरला म्हणालो होतो, आणि मी ते म्हणालो होतो हे पुढं कधी त्याच्यासमोर किंवा कुणासमोर कबूल केलं नाही. त्या वाक्याचा भार तो एकटा वाहत राहिला आणि मी त्याला वाहू दिला. आता तो नाही. मी जन्मभर तलाठ्याची नोकरी केली, पंचनामे लिहिले. आधी जागा, मग घटना, मग कोण काय म्हणालं, असा क्रम हाताला बसलेला आहे. त्याच क्रमानं सांगतो, नाहीतर पुन्हा गाळून टाकीन.

उदगीरच्या कॉलेजात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. घरमालक खानचाचा. मी जळकोटकडच्या खेड्यातला, घरातून कॉलेजात गेलेला पहिला. वडील मजुरी करायचे आणि दर पौर्णिमेला विहारात वंदना म्हणायचे. गंगाधरचे वडील शाळामास्तर आणि आई सीमेपलीकडची, कानडी बोलणारी. पहिल्यांदा त्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा त्याची एक मावशी कर्नाटकातून नुकतीच आलेली होती. तिला मराठी अजिबात येत नव्हती. ती भाकरी घेऊन पुढं आली, मी हात आडवा करून म्हणालो, "न्हाई." तिनं दाराकडं बघितलं. मी म्हणालो, "न्हाई, न्हाई." तशी तिनं टोपली खाली ठेवली, कोपऱ्यातली काठी उचलली आणि अंगणात गेली. गंगाधर हसता हसता ताटावर आडवा व्हायचा बाकी राहिला. कानडीत नायी म्हणजे कुत्रा. मी भाकरीला नको म्हणत होतो आणि ती बाई माझ्यासाठी कुत्रं हाकलायला गेली होती. दुसऱ्या दिवशी गंगाधरनं दोनशेपानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, "नायी."

ही त्या वहीची सुरुवात. कुत्र्याबद्दलचे शब्द, शिव्या, हाका, जे सापडेल ते तो त्यात उतरवायचा. खानचाचा निजामाच्या काळात फारसी शिकलेले. त्यांना कळल्यावर त्यांनी खाटेवरूनच सांगितलं, "मियाँ, फारसी में कुत्ते कू सग बोलते. और तुम लोगां सगा भाई, सगा चाचा बोलते. मेरे कू तो सुन के हँसी आती." त्यानंतर महिनाभर गंगाधर मला 'सगा दोस्त' म्हणायचा. देगलूरच्या एका तेलुगू कापडवाल्याकडून त्यानं कुक्का आणला, आणि कुत्रं अंगावर सोडताना तिकडं उस्को म्हणतात हेही आणलं. आपल्याकडं छू म्हणतात तसं. इंग्रजीच्या सरांकडून कळलं की पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला की त्याला इंग्रज कुत्र्याचा कान म्हणतात. आकाशातल्या ज्या ताऱ्याला आपण व्याध म्हणतो, म्हणजे शिकारी, तोच त्यांच्याकडं कुत्रा आहे. गंगाधर म्हणाला, "बघ, तिकडं कुत्र्याला वर चढवलेत. आपण मालकालाच चढवलो."

माझ्या वडिलांकडून एक शब्द मिळाला, तो त्याला सगळ्यात आवडला. विहारात आलेल्या भंतेंनी सांगितलेला. पालीत कुत्र्याला सुनख म्हणतात, आणि भंते त्याची फोड करायचे चांगल्या नखांचा अशी. गंगाधर कितीतरी वेळ तो शब्द घोळवत बसला. "बाकी समद्यांनी शिव्या दिल्या रे," तो म्हणाला, "ह्यांनी तेवढी नखं बघितली."

मराठीपाशी मात्र तो रेंगाळायचा. कुतरओढ, श्वाननिद्रा, शेपूट घालणं, गोंडा घोळणं. हा शेवटचा माझ्यासाठी राखीव होता. मी प्राचार्यांना वाकून नमस्कार केला की मागून आवाज यायचा, "लागलं गोंडा घोळायला." हाड या शब्दाचं त्याला नवल वाटायचं. कुत्र्याला हवं असतं तेही हाड, आणि हाकलताना म्हणतो तेही हाड. त्यानं वहीत दोन अर्थ लिहिले होते, एकाखाली एक. मी ते वाचलं आणि सहज बोलून गेलो की आमच्या आज्याला गावात पाणी मागायला गेल्यावर हाड म्हणायचे. वाड्याच्या पायरीवर सावली पडली तरी म्हणायचे. गंगाधर हसत होता तो थांबला. पेन उघडलं आणि तिसरा अर्थ लिहिला, "माणसाला." त्याच्या मागं प्रश्नचिन्ह नव्हतं, काही नव्हतं. आमची दोस्ती त्या दिवशी पक्की झाली असं मला वाटतं.

पुढं त्याला ह्याच विषयावर प्रबंध लिहायचा होता. ज्या प्राध्यापकांकडं गेला त्यांनी हसून विचारलं की कुत्र्यांवर लिहून तुला माणसांच्या कॉलेजात कोण घेणार? मग तो उदगीरच्या शाळेत मराठीचा शिक्षक झाला आणि मी तलाठी होऊन निलंग्याकडं गेलो. वही चालू होती. आता ती गमतीची वही होती, मुलांना हसवायला उपयोगी पडायची. त्याचं लग्न झालं, माझं झालं. वहिनींनी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं म्हणे, घरात कुत्रं आणा पण ती वही ताटापाशी नका आणू.

मग भूकंप झाला. विसर्जन करून माणसं निवांत झोपली होती आणि उजाडायच्या आत गावंच्या गावं बसली. माझ्या सज्ज्यातलं, म्हणजे माझ्याकडं तलाठी म्हणून असलेल्या गावांतलं, एक गाव त्यात होतं. नाव लिहीत नाही. त्या गावाला आता नवीन जागा आहे, सिमेंटची घरं आहेत, आणि तिथल्या माणसांना माझ्या लेखातून पुन्हा उकरून काढायचा मला हक्क नाही. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. माळवद खाली आलं की खाली काही उरत नाही. गल्ली कुठली, घर कुठलं, कळत नव्हतं. त्यात पाऊस. मी दोन दिवस झोपलो नव्हतो. हातात कागद, कागदावर प्लास्टिक, आणि मी नावं लिहीत होतो. त्या वेळी लोक म्हणायचे, हाल कुत्रं खाईना. आधी किती वेळा ऐकलेलं, पण तिथं त्याचा अर्थ डोळ्यांपुढं होता, कारण कुत्री होती. मालक गेलेली, भेदरलेली, उपाशी कुत्री ढिगाऱ्यांवरून फिरत होती. साहेबांचा तोंडी हुकूम आला की कुत्री प्रेतांना लागता कामा नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाधर उदगीरहून ट्रकमधून आला. गावोगावच्या बायकांनी थापलेल्या भाकरींची पोती घेऊन कितीतरी ट्रक येत होते, त्यातला एक. मला बघून त्यानं खांद्यावर हात ठेवला. मी त्याला एक काठी दिली. म्हणालो, "तू कुत्र्यांचा मास्तर. हे काम तुलाच." तसल्या जागीही मला चेष्टा सुचली होती. तोही जरासा हसला आणि काठी घेऊन गेला.

दुपारी बाराच्या सुमाराला तो परत आला. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला. त्याचे शब्द मला आजही जसेच्या तसे पाठ आहेत. "सुभाष, एक कुत्री हटेना गड्या. तांबडी, पाय पांढरे. तीनदा हाकललो, फिरून तिथंच येऊन उकरायली. भाकर टाकलो तर खाईना. माणसं लावून बघावं का तिथं?"

आठ माणसं आणि दोन पहारी माझ्या हाताशी होत्या. ती सगळी समोरच्या ढिगाऱ्यावर लागली होती, कारण तिथं सहा माणसं आहेत असं सरपंचानं सांगितलं होतं. दोन माणसं काढून देता आली असती. मी थकलो होतो, असं म्हणता येईल. पण खरं कारण वेगळं होतं. साहेब तासाभरात यायचे होते, आणि तलाठ्यानं कुत्र्याच्या सांगण्यावरून कुदळ लावली असं कुणी त्यांना हसत हसत सांगितलं असतं, तर माझी शोभा झाली असती. एवढ्या मोठ्या मसणवट्यात मला माझ्या शोभेची काळजी होती. मी म्हणालो, "कुत्र्याचं काय ऐकायलास? हाकल."

हे ते वाक्य.

गंगाधर क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि वळून गेला. मी पन्नास पावलांवरून बघत होतो. तो त्या कुत्रीपुढं उभा राहिला. काठी उगारली, हाड हाड केलं. ती दबली पण जागची हलली नाही. मग त्यानं काठी खाली केली. तो थोडा विचार करतोय असं दिसलं. नंतर त्यानं वेगळ्याच आवाजात, आईच्या घरच्या आवाजात म्हटलं, "हचा!" कानडीत कुत्र्याला असं हाकलतात. आणि ती कुत्री उठली. शेपूट पोटाखाली घेऊन, दोनदा मागं वळून बघत, खाली उतरून गेली. गंगाधर तिथूनच ओरडला, "सुभाष, कुत्री कानडी हाय रे!" त्याच्या आवाजात आनंद होता. दोन दिवसांच्या त्या सुतकात त्याचा शब्द कुणाला तरी कळला होता. भिजू नये म्हणून पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवलेली वही त्यानं काढली आणि तिथंच लिहिलं.

चौथ्या दिवशी माणसं त्या जागेपर्यंत पोचली. ते घर कानडी बोलणाऱ्या माणसांचं होतं. दाराची लाकडी चौकट तिरकी पडून थोडी पोकळी राहिली होती, आणि तिच्यात एक मुलगी होती. बारा-तेरा वर्षांची असेल. अंगावर एक ओरखडा नव्हता. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले की हिला जाऊन एक दिवसही झाला नसेल. तिच्या दहाही नखांत माती भरली होती. कुत्री वरून उकरत होती तिथंच ती खालून उकरत होती.

गंगाधर तिथं उभा होता. मीही होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. संध्याकाळी मी कागद भरत बसलो असताना तो जवळ आला आणि विचारलं, "टायम काय लिहिलास?" प्रत्येक नावापुढं मी मृत्यूची एकच वेळ लिहीत होतो, भूकंपाची. म्हणालो, "भूकंपाचाच." तो म्हणाला, "बरं." त्याच रात्री परतणाऱ्या एका ट्रकनं उदगीरला गेला.

मला वाटलं होतं की एक दिवस तो विचारेल. मी माणसं लावू म्हणालो तेव्हा तू नको कशाला म्हणालास, असं म्हणेल. भांडेल. माझी तयारी होती, उत्तरं घोकून ठेवली होती. तो कधीच बोलला नाही. लोकांत त्या दिवसांचा विषय निघाला की एवढंच म्हणायचा, "मी एक कुत्री हाकललो हुतो. हाकलायला नको हुती." हाकललो. त्यात मी नव्हतो. माझ्यासमोर म्हणायचा आणि माझ्याकडं बघायचाही नाही. मी मान खाली घालून चहा प्यायचो, सुपारी कातरायचो. आणि आज सांगतो, मला बरं वाटायचं.

वही मात्र बदलली. गमतीचे शब्द लिहिणं त्यानं बंद केलं. त्याला एकच शब्द हवा होता. जगातल्या सगळ्या भाषांत कुत्र्याला बोलवायला शब्द आहे, यू यू म्हणा नाहीतर आणखी काही. हाकलायला आहे. अंगावर सोडायला आहे. पण काय झालं, काय दाखवतोस, असं कुत्र्याला विचारायचा शब्द कुठं आहे? कुठल्या तरी भाषेत असणारच, असं तो म्हणायचा. त्यानं पत्रं लिहिली. पुढं मी नांदेडला घर केलं, तिथं माझ्याकडं यायचा तेव्हा गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आलेल्या पंजाबी ट्रकवाल्यांना गाठून विचारायचा. एकदा सैन्यातून निवृत्त झालेला, कुत्री शिकवणारा एक माणूस भेटला. तो म्हणाला, आमच्याकडे शोध असा हुकूम असतो. गंगाधर म्हणाला, "हुकूम न्हाई ओ, इचारायचा शब्द." तो माणूस गोंधळून गेला. उदगीरजवळच्या माळावर एका म्हाताऱ्या धनगरालाही त्यानं विचारलं, तेव्हा मी बरोबर होतो. म्हातारा म्हणाला, "शब्द कशाला लागतोय? गप बसायचं आन् त्येच्या त्वांडाकडं बघायचं. सांगतंय ते." गंगाधरनं हे उतरवून घेतलं नाही. बांधावर बसला आणि रडला. मी मेंढरांकडं बघत उभा राहिलो. तो दिवस होता सांगायचा... तेव्हाही मी सांगितलं नाही.

ह्याच सुमाराला लातूरला क्लासचं पेव फुटलं. कुत्र्याच्या छत्र्यांसारखे क्लास उगवले, असं वर्तमानपत्रं लिहायची, आणि गंगाधर ते कापून वहीत चिकटवायचा. नांदेडपासून जळकोटपर्यंतची पोरं-पोरी डॉक्टर व्हायला लातूरला येऊन राहायला लागली. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लागले. मराठी शिकवणाऱ्याला तिथं कोण विचारतो? पण शाळेतून निवृत्त झाल्यावर एका क्लासच्या वसतिगृहावर देखरेख करायला त्याला ठेवलं. तिथले एक सर वर्गात म्हणायचे, कुत्र्यासारखा अभ्यास करा. गंगाधरनं त्यांना एकदा शांतपणे विचारलं होतं, "कुत्रं कधी अभ्यास केलंय सर? ते बापडं सुखानं झोपतंय." त्यावरून पुष्कळ झालं.

वैशाली नावाची एक मुलगी तिथं होती, जळकोट तालुक्यातली. दर आठवड्याच्या परीक्षेची यादी भिंतीवर लागायची आणि तिचं नाव तळाला असायचं. ती रोज दुपारी जेवण सोडून गच्चीच्या जिन्यात, शेवटच्या पायरीच्या एक पायरी खाली जाऊन उभी राहायला लागली. पुस्तक नाही, काही नाही. बाकीच्यांनी सांगितलं की चुकार आहे, हाकला तिला अभ्यासाला. गंगाधर गेला आणि तिच्या दोन पायऱ्या खाली बसला. हाकललं नाही, समजावलं नाही. नुसता बसून राहिला. तासभरानं ती बोलायला लागली. काय बोलली ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि मी इथं अंदाज बांधणार नाही. त्याच दुपारी त्यानं तिला एसटीत बसवलं, स्वतः शेजारी बसून जळकोटपर्यंत गेला आणि तिच्या बापाला म्हणाला की पोरगी घरी ठेवा, जिती ठेवा. क्लासवाल्यांना हे आवडलं नाही. विद्यार्थ्यांना फूस लावतो म्हणून त्याला काढलं. मी फोनवर म्हणालो, "कशाला रे नसती उठाठेव?" तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी इचारलो, सुभाष. पहिल्या दिवशी दिसली हुती तवाच इचारायला पायजे हुतं." मी विषय बदलला.

शेवटची भेट ह्याच वर्षीची. तपासण्यांसाठी तो नांदेडला आला आणि दोन दिवस माझ्याकडं राहिला. सोबत वहिनी होत्या. फार वाळला होता. जेवण जात नव्हतं, पण बोलणं पहिल्यासारखंच. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आणि माझी बायको औषधं आणायला गेल्या आणि आम्ही दोघंच घरात राहिलो. तो खुर्चीत होता. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. उगीचच मी पंख्याचा वेग कमी केला, परत वाढवला. मग तो म्हणाला, "सुभाष, काही बोलायचं हाय का तुला?"

असं त्यानं मला तेवढ्या वर्षांत प्रथमच विचारलं. आवाजात राग नव्हता. जिन्यातल्या त्या मुलीपाशी तो असाच बसला असेल. दार लावलेलं होतं, माणूस समोर होता, आणि वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "न्हाई."

त्यानं डोळे मिटले. त्याच्या मावशीला मी काय म्हणतोय असं वाटलं होतं, ते त्यालाही आठवलं असणार. त्याच्या ओठांवर किंचित हसू आलं होतं, एवढं मी बघितलं. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. त्यानंतर बरोबर एकवीस दिवसांनी डाळीच्या दुकानात मला फोन आला.

अंत्यविधीला मी पोचू शकलो नाही. तेराव्याला गेलो. बाहेरच्या खोलीत त्याचा फोटो, समोर दिवा, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायकांत एक तिशीतली मुलगी. वहिनींनी ओळख करून दिली. वैशाली. ती आता नांदेड जिल्ह्यात शाळेवर शिक्षिका आहे. मी नाव सांगितलं तशी ती उठून माझ्या पाया पडली. म्हणाली, "काका, तुमच्याबद्दल सरांनी मला सांगितलं होतं. जळकोटच्या एसटीत. भूकंपाची गोष्ट."

आज ना उद्या हे होणारच होतं, असं मनात म्हणालो आणि ऐकायला तयार झालो.

ती म्हणाली, "सर म्हणाले, एका ढिगाऱ्यावर कुत्री उकरत होती. माझा मित्र तलाठी होता. तो म्हणला, गंगाधर, तिथं माणसं लावून बघू. आन् मीच म्हणलो, कुत्र्याचं काय ऐकायलास, हाकल. सर म्हणले, माझ्या मित्रानं विचारलं तसं मी विचारलो असतो, तर एक पोरगी वाचली असती. म्हणून मी तुला विचारायला बसलो." तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही होतात म्हणून मी आहे, असं मला वाटतं काका."

वहिनी मान हलवत होत्या. त्यांनाही हेच ठाऊक होतं. म्हणजे घरातही त्यानं हेच सांगितलं होतं, पहिल्यापासून. माझं वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडी घेतलं होतं आणि त्याचा प्रश्न माझ्या नावावर केला होता. त्या घरात गेली तीस वर्षं मी भला माणूस होतो. मी यायचो तेव्हा वहिनी माझ्यापुढं ताट ठेवायच्या ते भल्या माणसापुढं ठेवायच्या, आणि तो समोर बसून ते बघायचा आणि आणखी वाढ म्हणायचा.

मी काय केलं? त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हणालो. जेवलो. दुपारच्या एसटीनं नांदेडला परत आलो.

त्याला आता महिना होत आला. उदगीरला त्या घरात ही रविवारची पुरवणी येते. गंगाधर ती आधी वाचायचा आणि चुकीच्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा मारायचा. वहिनींनी पेपर बंद केलेला नाही, पेन्सिलही खिडकीत तशीच असते, हे मी तेराव्याला बघितलं. म्हणून इथं लिहिलं. तोंडानं होत नाही ते कागदावर करायची मला सवय आहे, आणि मागं एकदा कागदावरही मी खोटंच लिहिलं होतं.

वहिनी, गंगाधरनं तुम्हाला सांगितलं ते उलटं आहे. माणसं लावून बघावं का, असं तो म्हणाला होता. हाकल असं मी म्हणालो होतो. वैशालीलाही हे वाचायला द्या. सोमवारी सकाळी मी उदगीरला येतो आहे. तुम्ही विचाराल की भाऊजी, तो होता तोवर का नाही बोललात? भीत होतो. तरी येतो.